नवरदेवाच्या हातातला चाकू

भावाच्या लग्नात मला मांडवात जागा नव्हती, म्हणून मी त्याच्यासाठी चाकू घ्यायचं ठरवलं. असं लिहिलं की भलतंच काहीतरी वाटतं, पण झालं ते असंच.

आमच्याकडं नवरदेवाला हळद लागली की त्यानं लोखंड जवळ बाळगायचं, बाहेरचं काही लागू नये म्हणून. ज्याच्या घरात कट्यार असेल तो कट्यार धरतो, नसेल तो अडकित्ता नाहीतर चाकू. त्याच्या टोकाला लिंबू टोचायचं आणि अक्षता पडेपर्यंत ते हातातून सोडायचं नाही. जेवताना नाही, झोपताना नाही, वऱ्हाडाच्या गाडीतसुद्धा नाही. शिवाय उघडं पातं मांडवात खाली ठेवत नाहीत आणि दुसऱ्याच्या हातातही देत नाहीत. अगदीच वेळ आली तर आधी ते म्यानात घालायचं किंवा मिटायचं आणि मगच बाजूला करायचं. हे सगळं कुणी ठरवलं, असं मी लहानपणी एकदा आईला विचारलं होतं. तिनं माझ्यापुढं निवडायला तांदूळ आणून ठेवले होते.

माझं लग्न होऊन दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा नवरा तापानं गेला. सासरी थोडे दिवस काढून मी मुकुंदवाडीला आईवडिलांकडं परत आले आणि चिकलठाण्याच्या एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागले. कंपनीत मला कुणी काही म्हणत नसे. खरं तर घरीही एरवी कुणी काही म्हणत नसे. पण शुभकार्य निघालं की मला आपोआप मागच्या खोलीतली कामं मिळू लागायची. डोहाळजेवणात मी भांडी घासत असायची, बारशात पाहुण्यांच्या चपला सांभाळत असायची. कुणी वाईट शब्द बोलत नव्हतं, त्यामुळं भांडायलाही जागा नव्हती, आणि माझा स्वभाव तर भांडखोर.

भावाचं लग्न ठरलं, सुपारी फुटली. मुलगी खुलताबादची. तो माझ्याहून चार वर्षांनी धाकटा आणि मी त्याची एकुलती एक सख्खी बहीण, म्हणजे कऱ्हा घेऊन त्याच्यामागं उभी राहणारी करवली मीच व्हायची. करवली झाली चुलत बहीण. त्याच आठवड्यात आई मेथी निवडता निवडता मला म्हणाली की जानोशात सामानाकडं बघायला कुणीतरी लागतंच, तू आपली तिथं थांब. जानोसा म्हणजे मुलीच्या गावात वऱ्हाडाला उतरायला दिलेली जागा. सगळे मांडवात जाणार आणि मी तिथं ट्रंका राखणार, असा त्याचा अर्थ होता. आईनं मान वर केली नाही. मी बरं म्हणाले आणि उठून उगाचच अंगण झाडलं.

त्या दिवसापासून मला एक जागा धरवेना. कंपनीत बाकावर बसले की पाय हलत राहायचा. गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरताना गिनती चुकायची, ओतून पुन्हा भरावं लागायचं. घरी आले की पाणी भरलेलं असताना पुन्हा हंडा उचलायची. आई म्हणायची, अंगात काय शिरलंय हिच्या. तिला माहीत होतं काय शिरलंय ते.

चाकूचं डोक्यात आलं ते एका रविवारी. भाऊ एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. घरातली इस्त्री बिघडली म्हणून तो ती खोलून बसला होता, आणि वायर सोलायला त्याच्याकडं होता हॅकसॉ ब्लेडचा मोडका तुकडा. एका अंगाला घासून धार काढलेली, दुसरीकडं काळी टेप गुंडाळलेली. तो तुकडा तो शर्टाच्या खिशात घालून हिंडायचा. सगळ्या शर्टांच्या खिशांना भोकं पडलेली, आणि ती शिवायची कुणी, तर मी. मला वाटलं, याला एक चांगला घडीचा चाकू घ्यावा. हळदीपासून अक्षतांपर्यंत तो हातात धरेल आणि पुढं रोज खिशात ठेवेल. मी मांडवात नसले तरी माझं काहीतरी त्याच्या हातात असेल. एवढंच मला हवं होतं, पण ते फार हवं होतं.

अडचण एकच. विधवेनं आणलेली वस्तू हळदीच्या नवरदेवाच्या हातात, हे घरात कुणालाही खपलं नसतं. म्हणून मी फक्त त्याला सांगितलं, आणि तूच आणलास असं सगळ्यांना सांग म्हणाले. तो आधी हसला, मग इस्त्रीचा स्क्रू बोटात फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, आण, पण गुंडाचा आणू नको.

गुंडाचा म्हणजे खटक्याचा. बटण दाबलं की पातं बाहेर उडतं तो. तो मीही घेणार नव्हते. आमच्या औरंगाबादेत तेव्हा अधूनमधून वातावरण तापायचं, चौकाचौकात पोलीस उभे असायचे आणि पिशव्या बघायचे. मला हवा होता साधा, नखानं उघडायचा, पातं चार बोटांहून लांब नसलेला आणि माझ्या ऐपतीतला. एवढ्या मोठ्या शहागंजात असा एक चाकू मिळायला किती वेळ लागणार, असं मला वाटलं होतं.

शहागंजात कुलपं, कात्र्या, सुऱ्या विकणारं एक लहानसं दुकान होतं. दुकानदार वयस्क, दाढीला मेंदी लावलेला, गिऱ्हाईकाकडं न बघता बोलणारा. त्यानं विचारलं, क्या होना बाई. मी म्हणाले फळं कापायला चाकू. त्यानं काचेवर एकेक मांडायला सुरुवात केली आणि मी त्यातला सगळ्यात चकचकीत उचलला. त्याला चाकूखेरीज कानस होती, छोटी कात्री होती, बाटलीचं झाकण उघडायचं होतं. एवढं सगळं एकात मिळतंय म्हणून मी खूश. भावानं तो बघितला, एकेक पातं बाहेर काढलं आणि गंभीर तोंड करून विचारलं, "अक्का, मांडवात लगीन करायचंय का सोडा विकायचाय?" मी दुसऱ्याच दिवशी कंपनीतून परस्पर शहागंज गाठलं आणि तो बदलून मागितला.

दुसरा फारच देखणा होता. सायीच्या रंगाची गुळगुळीत मूठ, पितळी खिळे. घेऊन बस स्टॉपवर आले, रांगेत उभी राहिले, आणि एकदम ध्यानात आलं की ही मूठ हाडाची आहे. हळद लागलेल्या नवऱ्याच्या हातात हाड! भटजीनं बघितलं असतं तर तिथंच मांडव डोक्यावर घेतला असता. बस समोर येऊन थांबलेली, मी रांग सोडून उलटी पळाले. दुकानदार वैतागला. फळं कापायला हाडाचं काय वावडं, असं त्याच्या बोलीत विचारलं. मग मला खरं सांगावं लागलं की भावाचं लग्न आहे.

"पहलेइच बोलना था ना," तो म्हणाला, आणि काचेवरचे निम्मे चाकू उचलून आत टाकले.

उरलेल्यांत एकाची मूठ प्लॅस्टिकची, लालभडक, ती मी हातात घेतली नाही. एक सगळा पितळेचा, खिशाला ओढणारा. एक शिसवी मुठीचा. त्याचं पातं साधं होतं, ना नक्षी ना चमक, पण उघडताना स्प्रिंग घट्ट लागत होती आणि मिटताना खट्ट आवाज येत होता. मला काळजी होती ती स्प्रिंगची. भाऊ तो हातात घेऊन झोपणार. सैल स्प्रिंगचा चाकू झोपेत मिटला आणि बोटं कापली तर? मी तो उघडत होते आणि मिटत होते, उघडत होते आणि मिटत होते. नख मोडलं तरी चालू. दुकानदार शेवटी म्हणाला की माझी नमाजची वेळ झाली, घेणार असाल तर घ्या. किंमत पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त होती. लग्नासाठी मी एक साडी घ्यायची ठरवली होती, ती रद्द केली. नाहीतरी जानोशातल्या ट्रंकांपुढं नवी साडी नेसून काय मिरवायचं होतं.

परतीच्या बसमध्ये तो डब्याच्या पिशवीत होता आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. एका चौकात बस थांबवून हवालदार चढला. त्यानं माझी पिशवी उघडली, वरच्यावर डबा हलवला आणि पुढं गेला. चाकू डब्याखाली फडक्यात होता. घरी पोचेपर्यंत पदरानं घाम पुसत होते. आपण काय मोठा गुन्हा केलाय, असा स्वतःवरच राग येत होता.

हळदीच्या दिवशी माझी चूक माझ्या ध्यानात आली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. भटजीनं चाकू उघडायला सांगितला, भावानं उघडला, आणि कुणीतरी त्याच्या टोकाला लिंबू टोचलं. झालं. आता तो मिटणार कसा? दुकानात इतक्या खेपा घातल्या, घडी कशी बसते ते शंभरदा बघितलं, आणि टोकाला लिंबू असताना घडीच्या चाकूला घडीच घालता येत नाही, हे ना मला सुचलं ना भावाला. ते तरी ठीक. पण लिंबाचा रस पात्यावरून ओघळत सांध्याच्या खिळ्याकडं चालला होता, आणि लोखंडाला लिंबाचा रस काय करतो ते भांडी घासणारीला सांगावं लागत नाही. मला तो पुसायचा होता. हात लावायची सोय नव्हती. मी आईच्या हातून एक फडकं पाठवलं, म्हटलं त्याचे हात चिकट झाले असतील. त्यानं फडक्यानं तोंड पुसलं आणि परत दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाड निघालं. पडेगाव मागं पडलं तशा गाडीत बायका गाणी म्हणू लागल्या. भाऊ पुढं बसला होता, चाकू उभा धरून, वर लिंबू. मी मागच्या बाजूला ट्रंकांवर बसले होते आणि गाडी खड्ड्यात आपटली की माझं लक्ष त्याच्या बोटांकडं जायचं.

खुलताबादला जानोसा शाळेच्या एका वर्गात दिला होता. सगळे नटूनथटून मांडवाकडं गेले. मी बाकांवर बाहेरची पोती, पिशव्या रचल्या, पुन्हा काढून दुसऱ्या भिंतीला रचल्या. दारात गेले, आत आले. मांडव दोन गल्ल्या पलीकडं होता आणि तिथला भोंगा सगळ्या गावाला ऐकू जात होता. दागिन्यांच्या ट्रंकेवर बसून मी मुलीकडच्या कुणीतरी केलेल्या सूचना ऐकत होते.

तेवढ्यात मांडवातून मामा आले. ते त्यांच्या गावाहून उशिरा पोचले होते आणि त्यांची पिशवी आधीच कुणाच्या तरी हाती जानोशात येऊन पडली होती. पिशवीतून त्यांनी लाल मखमली म्यानाची कट्यार काढली. म्हणाले, "पोरगं भाजी चिरायचा चाकू धरून उभं हाय. पावण्यांत आपली काय शोभा ऱ्हाती? कुणी आणला त्यो, देव जाणं." माझ्या तोंडात आलं होतं की मी आणला. पण मी बोलले असते तर चाकू तर गेलाच असता, वर लग्नाच्या तोंडावर रडारड झाली असती. मी मामांना पिशवीची चेन लावून दिली. ते कट्यार घेऊन झपाझप निघून गेले.

मग मला बसवेचना. आता त्यानं लिंबू काढलं असेल. आता चाकू मिटला असेल. आता खिशात गेला असेल आणि हातात कट्यार आली असेल. खिशात का होईना, अंगावर आहे ना, अशी मी स्वतःची समजूत घालत होते आणि ती मला पटत नव्हती. भोंगा मध्येच गप्प झाला. मंगलाष्टका सुरू व्हायची वेळ झाली होती आणि होत नव्हत्या. मी दारापर्यंत गेले, पायरी उतरले, पुन्हा चढले. मग एकदाचे सूर ऐकू आले. शेवटच्या सावधानला मी हातात काही नव्हतं म्हणून पिशवीतले मूठभर तांदूळ घेतले आणि तिथंच, शाळेच्या दारात, मांडवाच्या दिशेनं टाकले.

अक्षता पडल्यावर चुलत बहीण पळत आली. करवलीच्या साडीची निरी सुटली होती, तिला पिना हव्या होत्या. निऱ्या खोचता खोचता तिनं हसत सगळं सांगितलं. मामांनी भर मांडवात कट्यार पुढं केली. दादानं लिंबू काढलं आणि चाकू मिटायला गेला, तर मिटेना. लिंबाच्या रसानं जाम झालाय म्हणाला. मामा म्हणाले, दे इकडं, मी मिटतो, आणि मूठ धरून ओढायला लागले. तर भटजीच त्यांच्या अंगावर ओरडले की उघडं पातं दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. मग लिंबू परत टोचलं आणि लग्न त्याच चाकूवर लागलं. मामांनी कट्यार स्वतःच्या कमरेला खोवली. "त्येच नवरदेव दिसाया लागले हुते," ती म्हणाली.

मीही हसले. ती गेल्यावर मात्र माझं डोकं तापलं. सगळ्या पाहुण्यांसमोर माझा चाकू अडकला होता. मुलीकडच्यांनी बघितलं असणार, नवरदेवाकडं एक धड चाकूही नाही. मी दुकानदाराला शिव्या घातल्या, लिंबाला घातल्या, स्वतःला घातल्या. आणि त्या शिव्या चालू असतानाच आत कुठंतरी बरंही वाटत होतं की अडकला म्हणून का होईना, पण अक्षता पडल्या तेव्हा त्याच्या हातात तोच होता. लोखंडाच्या गंजाचे उपकार. माझ्यावर उपकार करायला दुसरं कुणी पुढं आलं नव्हतं.

घरी आल्यावर दोन दिवस पाहुण्यांची ये-जा चालली. मुकुंदवाडीत आमच्या दारचा मांडव सोडायला घेतला त्या सकाळी मला सवड मिळाली. मी वाटीत रॉकेल घेतलं, शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेतली आणि मागच्या ओट्यावर भावाला हाक मारली. म्हणाले, आण तो चाकू, रॉकेलात ठेवते, सुटेल. त्यानं पँटच्या खिशातून चाकू काढून माझ्यापुढं ठेवला. तो मिटलेला होता.

हातोडीनं ठोकून मिटलास काय, असं मी विचारलं. खाचेत नख घालून त्यानं चाकू उघडला आणि मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. खट्ट आवाज आला.

"मिटतच हुता, अक्का."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी विचारलं, म्हणजे भर मांडवात तू खोटं बोललास?

"व्हय. मामा वढायला लागले तवा लई भ्यालो. त्येंच्या हातात गेला असता तर मिटलाच असता की." तो हसायला बघत होता.

मला आधी इतका आनंद झाला की हातातली तेलाची कुपी मी रॉकेलच्या वाटीतच ठेवली. आणि मग त्याच आनंदाच्या पाठोपाठ राग आला. खरा राग. एवढ्या माणसांपुढं, मामांपुढं, भटजीपुढं याला खोटं बोलता आलं. मी त्याला म्हणाले, "तोंड उघडायचं धाडस हुतं, तर माझी बहीण जानोशात बसलीय, तिला बलवा, एवढं म्हणायला काय झालं हुतं?"

त्यानं मान खाली घातली. ओट्याच्या फरशीवर बोट फिरवत राहिला. "त्ये नाय जमलं," तो म्हणाला. "तोंडापत्तूर आलं हुतं. तेवढा चाकू सोडला नाय, बास. तेवढंच जमलं."

तो माझ्यासाठी जेवढा उभा राहिला तेवढ्याचं मला कौतुक होतं आणि जेवढा राहिला नाही तेवढ्याचं दुःख होतं, आणि दोन्ही त्याच एका पोरावर. नवी नवरी आतून काहीतरी विचारत होती. त्यानं चाकू खिशात टाकला आणि उठला. उठताना त्याला दिसलं, मग मलाही दिसलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात मांडवाच्या आंब्याच्या पानांची जुडी होती.

"त्यो चाकू तू आणला हुतास?" तिनं मला विचारलं.

मी हो म्हणाले. खोटं बोलायचा कंटाळा आला होता, आणि आता जे ऐकून घ्यावं लागेल ते ऐकून घ्यायची तयारी केली होती. भाऊ ओट्यावरच अडकल्यासारखा उभा. आई पानांचा दोरा सोडू लागली.

"मला इचारलं असतंस तर म्या त्याला धरू दिला नसता," ती म्हणाली. दोरा तुटला. तिनं पानं ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडं बघितलं, सुपारी फुटल्यापासून पहिल्यांदा.

"बरं केलंस, इचारलं नाय."